नव्या वाळूवर तपकिरी थर: काढत राहू की थांबू?

ओहोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस जीव टांगणीला लागलाय, म्हणून धागा काढतेय.

३०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला, कोरल म्हणजे प्रवाळांचा टँक) आहे, चालू होऊन तीन वर्षं झाली. जुनी वाळू जागोजागी घट्ट होऊन तिचे गोळे झाले होते आणि काचेलगत काळे पट्टे दिसायला लागले होते. म्हणून थोडी थोडी करत तीन आठवड्यांत ती सगळी काढली आणि नवी पांढरी वाळू घातली. साधारण तीन सेंटिमीटरचा थर आहे. घालण्याआधी बादलीत धुतली होती, पण शेवटच्या दोन पिशव्या घाईत धुतल्या गेल्या, हेही सांगून ठेवते. कदाचित उपयोगी पडेल.

पहिले दहा दिवस वाळू इतकी स्वच्छ होती की खालून उजेड येतोय असं वाटायचं. अकराव्या दिवशी वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) समोरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा गंजाच्या रंगाचा डाग दिसला. आज निम्मी वाळू तशी झाली आहे. सकाळी दिवे लागतात तेव्हा थर फिका असतो, संध्याकाळपर्यंत गडद तपकिरी होतो. ढवळला की धुरासारखा उडतो, खालची वाळू पांढरी दिसते आणि चार-पाच तासांनी ये रे माझ्या मागल्या. दगडांवर फारसा नाही. काचेवर मात्र आहे.

मोजमापं अशी: सॅलिनिटी (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, अल्कलिनिटी ८.४. टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) आणि पाणी बदलासाठी आरओडीआयचंच (आरओचा पडदा आणि पुढे डीआय रेझिन यांतून गाळलेलं) पाणी वापरते, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर शून्य दाखवतो.

आतापर्यंत रोज वाळू ढवळली, पांढरे दिवे निम्म्यावर आणले, बॅक्टेरियाची एक बाटली ओतली. वाळूजवळचं ट्रम्पेट कोरल तीन दिवसांपासून अर्धं मिटलेलं आहे. 'सकाळी फिकं पडतं म्हणजे डायनोच' (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव) असं एकाने सांगितलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. काय करू?


खडकाळ

डायटम आहेत, एकपेशीय शेवाळ. नव्या वाळूवर येतातच. चार-सहा आठवडे द्या, जातील. हात लावू नका.


कालव

खडकाळ म्हणतात ते बहुधा खरं निघेल, पण 'बहुधा'वर तीन वर्षांचा टँक सोडायचा नाही. तपकिरी रंगाच्या चार वेगवेगळ्या गोष्टी वाळूवर येतात आणि त्यातल्या दोघींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

ओहोटीताई, आधी थर नीट बघा. डायटमचा थर कोरड्या भुकटीसारखा दिसतो, तपकीर सांडल्यासारखा. त्याला पदर नसतो. सायनो (सायनोबॅक्टेरिया) असेल तर त्याची साय धरते, चिमटीने उचलली तर अख्खी सोलून निघते, रंगात लालसर किंवा जांभळट झाक असते आणि हाताला घाण वास येतो. डायनो असतील तर बुळबुळीत तार सुटते, तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला असतो आणि दुपारपर्यंत दगडांच्या कडांवरून असे धागे लोंबायला लागतात. चौथी सोनेरी तपकिरी क्रायसोफाइट. ती कापसासारखी फुललेली दिसते आणि बहुतेक वेळा दगडावर असते.

आता सकाळी फिकं पडण्याबद्दल. ही खूण अर्धीच खरी आहे आणि तिने बऱ्याच जणांना विनाकारण घाबरवलंय. काही डायनो रात्री वाळू सोडून पाण्यात पसरतात, म्हणून सकाळी वाळू स्वच्छ दिसते, हे बरोबर. पण वाळूत राहणारे डायटमसुद्धा अंधार झाला की कणांच्या मधून खाली सरकतात आणि उजेड आला की वर येतात. भरती-ओहोटीच्या चिखलावर हे रोज घडतं. तेव्हा एवढ्यावरून निदान करू नका.

दोन गोष्टी करा. एका काचेच्या बरणीत टँकचं पाणी आणि थोडा तपकिरी थर घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर त्यांचे पुन्हा धागे, गाठी जमतात. डायटम जमत नाहीत. ही चाचणी ढोबळ आहे, म्हणून दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: कुठूनही सूक्ष्मदर्शक मिळवा. शाळेतला असला तरी चालेल, ४०० पट पुरे. एक थेंब बघितला की वाद मिटतो.


लाटमोजणी

कालवशी शंभर टक्के सहमत. माझी हकीकत सांगतो, कारण ओहोटीताई आत्ता जिथे उभ्या आहेत तिथेच मी दोन वर्षांपूर्वी होतो.

माझाही टँक जुना होता, वाळू नवी होती आणि थर तपकिरी. मी ठरवलं की शेवाळ म्हणजे खत जास्त झालंय. फॉस्फेट शोषणारं माध्यम दुप्पट घातलं, माशांचं खाणं निम्मं केलं, तीन दिवस टँकवर चादर टाकून काळोख केला. चौथ्या दिवशी चादर काढली तेव्हा वाळू लख्ख पांढरी होती. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मी खूश.

नवव्या दिवशी दगडावर पहिला धागा दिसला, टोकाला बुडबुडा. पंधराव्या दिवशी ट्रोकस गोगलगाई वाळूवर उलट्या पडलेल्या, स्पर्श केला तरी आत ओढून घेत नव्हत्या. ऑस्ट्रिऑप्सिस निघाला, विषारी जात. डायटम आपण होऊन गेले असते. त्यांची जागा मीच रिकामी केली आणि वर पाण्यातलं खाद्य इतकं संपवलं की तिथे दुसरं साधं शेवाळ उगवूच शकलं नाही. डायनोंना असंच मोकळं रान लागतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. सहा महिने गेले टँक जागेवर यायला आणि तीन कोरल त्यात गेली.

ताई, तुमचं नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०६ आहे. ते तसंच राहू द्या. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण ते शून्यावर नेऊ नका.


ओहोटी (धागाकर्ती)

लाटमोजणी, तुमचा प्रतिसाद वाचून आधी उठले आणि फॉस्फेट काढायच्या माध्यमाची पिशवी कपाटात ठेवून दिली. उद्या घालणारच होते.

बरणीची चाचणी केली. दीड तास वाट पाहिली. पाणी किंचित मळकट राहिलं, तळाशी भुकटी बसली, धागा-गाठ काही नाही.

आणि शेजारच्या मुलीचा शाळेचा सूक्ष्मदर्शक मागून आणला. पहिली दहा मिनिटं फक्त वाळूचे कण आणि माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग काचपट्टी थोडी सरकवली आणि एकदम होड्या दिसल्या. खरोखर होड्याच, दोन्ही टोकांना निमुळत्या, काचेसारख्या पारदर्शक, आत दोन सोनेरी तपकिरी पट्टे. काही निवांत पडलेल्या. एक मात्र सरळ रेषेत पुढे गेली, वाळूच्या कणाला टेकली, थांबली आणि वळण न घेता तशीच उलटी मागे आली. मी अर्धा तास तिच्याकडे बघत बसले. इतके दिवस जिला शिव्या घालत होते ती गोष्ट एवढी सुंदर असेल असं वाटलं नव्हतं.

हे डायटमच ना?


कालव

शंभर टक्के डायटम. पुढे-मागे सरळ सरकणं ही त्यांची पक्की सही आहे. त्यांच्या कवचाला एक उभी फट असते, तिच्यातून चिकट द्रव सोडत ते घसरतात. ऑस्ट्रिऑप्सिस असता तर पाण्याच्या थेंबासारखा आकार आणि एका टोकाभोवती गरगर फिरणं दिसलं असतं. अ‍ॅम्फिडिनियम असता तर गोलसर अंग आणि पुढे छोटी चोच.

आता निश्चिंत व्हा. शांत झोपा.


नाविक

आता निदान झालंच आहे तर डायटम म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की उपाय आपोआप कळतो.

डायटम एकपेशीय आहेत आणि काचेच्या घरात राहतात. काच म्हणजे शब्दशः सिलिका. घराचे दोन भाग असतात, डबा आणि झाकण. पेशी विभागली की एकीला डबा मिळतो, दुसरीला झाकण, आणि दोघी उरलेला अर्धा भाग नव्याने बांधतात. बांधायला सिलिकेट पाण्यातून घेतात. सिलिकेट नसेल तर घर नाही, आणि घर नाही तर विभाजन नाही. बाकी शेवाळांना नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरतो. डायटमना नायट्रोजनच्या जवळजवळ बरोबरीने सिलिकॉन लागतो, समुद्रातलं ढोबळ प्रमाण १६ ला १५ असं धरतात. म्हणून त्यांचा लगाम सिलिकेटच्या हातात असतो.

तपकिरी रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा, त्याच्याखाली हिरवं हरितद्रव्य झाकलं जातं. आणि यांना क्षुल्लक समजू नका. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे पाचवा हिस्सा डायटम करतात. त्यांच्या कवचांचे लाखो वर्षांचे थर साचून जी माती होते, तिच्यातच नायट्रोग्लिसरीन मुरवून नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं होतं. असो, विषयांतर झालं.

मुद्दा असा की ढवळून काही साधत नाही. ढवळलं की जिवंत पेशी वाळूत गाडल्या जातात आणि काही तासांत वर चढून येतात, हे ताईंनी पाहिलंच आहे. ज्या मरतात त्यांचं कवच पाण्यात हळूहळू विरघळतं आणि तेच सिलिकेट पुढच्या पिढीला मिळतं. घर पाडलं, विटा तिथेच पडून राहिल्या. विटा टँकबाहेर न्यायच्या असतील तर थर सायफनने ओढून काढायला हवा.


खडकाळ

नाविक, शास्त्र मान्य. पण मी सात टँक उभे केले आणि सातही टँकांत हा थर आला आणि गेला. एकदाही सिलिकेट मोजलं नाही. लोकांना उगाच कामाला लावू नये असं माझं मत. ताईंनी नवी वाळू घातली, वाळूत सिलिका असते, ती संपली की थर जाईल. साधी गोष्ट आहे.


नाविक

खडकाळ, तुमच्या सात टँकांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. नव्या टँकला हेच लागू आहे, थांबावं हेच उत्तम. दोन गोष्टींवर मात्र मतभेद नोंदवतो.

एक, वाळूत सिलिका असतेच असं नाही. रीफची पांढरी वाळू बहुधा अ‍ॅरागोनाइट असते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चिमूटभर कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट. आणि समजा क्वार्ट्झची वाळू निघाली, तरी क्वार्ट्झ पाण्यात इतकं सावकाश विरघळतं की त्याच्यावर सगळा दोष टाकता येत नाही. नव्या वाळूसोबत बारीक धूळ येते, तिच्यातून थोडंफार सिलिकेट सुटतं आणि ते काही आठवड्यांत संपतं, इथवर तुमचं बरोबर.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नवी वाळू म्हणजे मोकळी जमीन. जुन्या वाळूच्या प्रत्येक कणावर जिवाणू, सूक्ष्म शेवाळ, कृमी, कुणी ना कुणी ठाण मांडून बसलेलं असतं. नव्या कणावर कुणीच नसतं. अशा जागी सगळ्यात आधी पोचतात ते डायटम. ताईंनी तीन वर्षांची वस्ती उठवून मोकळं मैदान केलं, तेव्हा पाणी जुनं असलं तरी वाळूपुरता टँक नवाच आहे.


शिंपली

ओहोटीताई, एक विचारते. वाळू बदलण्याच्या आधी काच किती दिवसांनी पुसावी लागायची? आणि पुसताना रंग कोणता असायचा?


ओहोटी (धागाकर्ती)

व्हिनेगर टाकून पाहिलं, छान फसफसली. अ‍ॅरागोनाइटच आहे.

शिंपलीताई, तुमचा प्रश्न वाचला आणि थबकले. पूर्वी पाच-सहा दिवसांनी पुसायचे, हिरवट असायची. गेले दोन-अडीच महिने दर दोन दिवसांनी पुसावी लागते आणि पुसणीवर तपकिरी येतं. म्हणजे हे वाळू बदलण्याच्या आधीपासून आहे. मी लक्षच दिलं नव्हतं.


शिंपली

मला तीच शंका होती. मग इथं कुठेतरी पाणी मुरतंय, आणि माझा संशय तुमच्या आरओडीआयवर आहे.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. सिलिका साध्या पाण्यात सिलिसिक आम्लाच्या रूपात असते आणि तिच्यावर जवळपास विद्युतभारच नसतो. ती असली काय, नसली काय, मीटरला पत्ता लागत नाही. शून्य आकडा म्हणजे सिलिका शून्य असं कधीच समजू नये.

त्यातून डीआय रेझिनची एक खोड आहे. ऋण आयन धरणारं रेझिन सिलिकेटला सगळ्यात सैल धरतं. रेझिन भरत आलं की मागून येणारे क्लोराइड, सल्फेटसारखे आयन आपली जागा करून घेतात आणि आधी धरलेली सिलिका बाहेर ढकलतात. एका टप्प्यावर रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त सिलिका असू शकते. मीटर अजून शून्यच दाखवत असतो, कारण बाकी सगळं अजून अडवलं जातंय.

सिलिकेटचं टेस्ट किट घ्या आणि दोन नमुने तपासा, एक टॉप-अपच्या पिंपातला आणि एक टँकमधला. निळा रंग जितका गडद तितकं सिलिकेट जास्त. त्याच अभिक्रियेत फॉस्फेटही निळं दाखवू शकतं म्हणून किटमध्ये ते दाबणारी एक बाटली असते, ती वगळू नका.


ओहोटी (धागाकर्ती)

किट आलं. टॉप-अपचं पाणी लिटरला १.२ मिलिग्रॅम. टँक ०.४.

दोनदा मोजलं, तेच आलं. टॉप-अपच्या नळीतलं पाणी निळंशार झालं तेव्हा विश्वासच बसेना, कारण बाजूला मीटर शून्य दाखवत होता. रेझिन शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही. वर्ष नक्की उलटून गेलं असेल.


शिंपली

सापडलं मग. आता हिशेब करून बघा. ३०० लिटरच्या टँकमधून दिवसाला समजा चार लिटर उडतं. पाणी उडतं, सिलिकेट मागे राहतं. रोज चार लिटरमधून ४.८ मिलिग्रॅम आत जातं, महिन्याला १४४. टँकभर वाटलं तर लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या जवळपास. पाणी बदलताना येतं ते वेगळं. टँकमध्ये ०.४ दिसतंय ते डायटमनी खाऊन उरलेलं आहे.

म्हणून खडकाळ म्हणतात तसं नुसतं थांबून तुमच्या बाबतीत भागलं नसतं. त्यांच्या टँकांत साठा संपत गेला. तुमच्याकडे रोज नवी पोती येऊन पडताहेत.

रेझिन बदला. आरओचा पडदाही तपासा, कारण सिलिका अडवण्याचं मोठं काम तोच करतो आणि तो कमजोर झाला की रेझिन लवकर भरतं. नवं रेझिन बसवल्यावर पहिलं थोडं पाणी ओतून द्या, मग पुन्हा सिलिकेट मोजा.


खडकाळ

शिंपली, हे मला माहीत नव्हतं. माझंही रेझिन तपासतो आज. ताई, माझा 'हात लावू नका' हा सल्ला मागे घेतो.


निळाई

मधेच विचारतेय, क्षमस्व. वाळू साफ करायला काही जीव आणले तर? मला वाळू चाळणारा तारामासा सुचवला गेलाय.


कालव

निळाई, तारामासा नको, अगदी कळकळीने सांगतो. तो शेवाळ खात नाही. वाळूतले बारीक कृमी, शिंपले, खेकडेवर्गीय जीव खातो, म्हणजे नव्या वाळूत ज्यांची वस्ती व्हायला हवी त्यांनाच. आणि ते संपले की काही महिन्यांत उपाशी मरतो, बाहेरून फारसं कळतही नाही. वाळू तोंडात घेऊन गाळणारे गोबी मासेही नव्या वाळूत असेच खंगतात, वरून भरपूर खाऊ घातलं तरच टिकतात.

डायटमसाठी सेरिथ गोगलगाई चांगल्या. दिवसा वाळूत पुरलेल्या असतात, अंधार पडला की निघतात आणि कण न् कण चाटतात. ३०० लिटरला आठ-दहा पुरे. फायटिंग कोंच (मोठी समुद्री गोगलगाय) एकच, पण तो सोंड लांबवून वाळूवर जे चरतो ते बघण्यासारखं असतं. ट्रोकस काचेसाठी, उलटी पडली तर आपली आपण सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया वाळूवर उलटी पडली की बहुतेक वेळा तशीच मरते. नासारियस वाळू हलवते पण शेवाळ खात नाही, ती मेलेलं खाणारी आहे. एक मात्र लक्षात ठेवा, हा थर महिन्या-दोन महिन्यांत जाणार आहे. त्याच्या भरवशावर तीस-चाळीस गोगलगाई आणल्या तर नंतर त्या खाणार काय?


जलबिंदू

माझ्या वाळूवर लालसर तपकिरी साय आहे आणि वास येतो. हाच उपाय चालेल का?


कालव

नाही, तुमचं सायनो वाटतंय. तिथे सिलिकेटचा संबंध नाही. ज्या भागात साय आहे तिथला प्रवाह वाढवा, साय सोलून सायफनने काढा, नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू, इथे दोन्ही गोष्टींची सरमिसळ होईल.


लाटमोजणी

ताई, सायफनची माझी पद्धत सांगून ठेवतो. जाड नळी नको, वाळू ओढली जाते. सहा ते आठ मिलिमीटरची साधी हवेची नळी घ्या, टोकाला एखादी कडक काडी बांधा म्हणजे हातात स्थिर राहते. टोक वाळूच्या वर बोटभर अंतरावर धरा आणि नळी चिमटीत दाबून वेग कमी-जास्त करा. भुकटी हलकी असते, वाळूच्या आधी उठते. ती उठते पण वाळू उठत नाही असा एक वेग असतो, दोन मिनिटांत हाताला कळतो.

आणि वेळ दुपार उतरतानाची. कालवने सांगितलंच की अंधारात डायटम खाली सरकतात. सकाळी काढायला गेलात तर निम्मे वाळूतच असतात. दिवे मालवायच्या दोन तास आधी सगळे वर आलेले असतात, तेव्हा काढा. आठवड्याचा पाणी बदल असाच करा, एकाच कामात दोन्ही होतं.


ओहोटी (धागाकर्ती)

धागा वर काढतेय. आज नवं रेझिन बसवून अठरा दिवस झाले.

पडदाही बदलला. पहिलं पाणी फेकून नंतरचं तपासलं तर किटमध्ये रंगच आला नाही. जुनं साठवलेलं टॉप-अपचं पिंप रिकामं करून धुतलं. आठ सेरिथ आणि एक कोंच आणला. ढवळणं पूर्ण बंद. दर आठवड्याला दोनदा संध्याकाळी सायफन, प्रत्येक वेळी पंधरा-वीस लिटर. लाटमोजणी म्हणतात तो वेग खरंच हाताला सापडतो. भुकटीचा पडदा उचलला जातो, नळीत तपकिरी रेघ धावते आणि खालचे कण जागच्या जागी थरथरतात.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, उलट थर वाढल्यासारखा वाटला. घाबरून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. होड्याच होत्या, पण बऱ्याच रिकाम्या, नुसती काच, आत सोनेरी काही नाही. नाविक, हे मेलेल्यांचं कवच ना?

टँकचं सिलिकेट आज ०.१. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०५. ट्रम्पेटवर ढवळल्यामुळे भुकटी बसत होती हे आता लक्षात आलं. त्याला ड्रॉपरने हलकं पाणी मारून स्वच्छ केलं आणि दहा सेंटिमीटर वर एका दगडावर ठेवलं. दोन दिवसांत फुललं.


नाविक

हो, रिकामी कवचं. टँकचा आकडा लगेच शून्य होत नाही तो त्यांच्यामुळेही. ती विरघळत राहतील, थोडं थोडं सिलिकेट देत राहतील, तुम्ही काढत राहा. शून्याचा हट्ट मात्र नको. स्पंजांना त्यांच्या काचेच्या काट्यांसाठी सिलिकेट लागतं, आणि डायनोंनी त्रासलेले काही जण तर मोजून सोडियम सिलिकेट घालतात, डायटमनी डायनोंची जागा घ्यावी म्हणून. ०.१ हा शत्रू नव्हे.


खडकाळ

माझं रेझिन तपासलं. टीडीएस शून्य, सिलिकेट ०.७. आज बदललं. धन्यवाद, शिंपली.


मोतीचूर_लाट

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. ओहोटीताई, आत्ता वाळू कशी आहे? आणि रेझिन बदलायची वेळ कशी ठरवता?


ओहोटी (धागाकर्ती)

एकोणचाळीसावा दिवस. समोरची तीन चतुर्थांश वाळू पांढरी आहे. मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीबाहेर जिथे प्रवाह मंदावतो तिथे, ताटलीएवढा फिका डाग अजून आहे. तिथे कणांवर किंचित हिरवी झाक येतेय. कालवला फोटो पाठवला होता, ती येऊ द्या म्हणाले.

काच काल पुसली. सहाव्या दिवशी, आणि पुसणीवर हिरवं आलं.

रेझिनसाठी मीटरवर विसंबत नाही. बदलल्याची तारीख डब्यावर मार्करने लिहिली आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी टॉप-अपचं पाणी सिलिकेट किटने तपासते. रंगाची जरा जरी छटा आली तर बदलायचं.

काल रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारून पाहिलं. उरलेल्या डागावर तीन सेरिथ होत्या आणि प्रत्येकीच्या मागे पांढरी वळणदार वाट. कोंच वाळूत डोळ्यांपर्यंत पुरलेला, फक्त दोन डोळे बाहेर, उजेड पडला तसे आत गेले.